विल्माचं बिनतंगाचं खोगीर

पोटाखालून तंग, म्हणजे पट्टा, न आवळलेल्या खोगिरावर बसून तुम्ही घोडा चौखूर पळवाल का? हसू नका, उत्तर द्या. आमच्या होर्तोबाजच्या माळावर घोडेराखे पिढ्यान्‌पिढ्या असेच बसतात. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, खोगीर पाठीवर नुसतं ठेवलेलं. सगळी मदार तोलावर. घाबरून एका रिकिबीवर भार टाकला की माणूस खोगिरासकट खाली.

विल्मा बोद्नार अशीच खाली आली. गेल्या शरदात कळप परतत होता, पाण्याच्या चरापाशी ससा उठला, घोडी बुजली आणि विल्माचं खांद्याजवळचं हाड मोडलं. बेचाळीस वर्षांची बाई, आमच्या कळपावरची पहिली बाई घोडेराखी. ती जागा तिला मिळावी म्हणून आमच्या कामगार संघटनेतर्फे कचेरीचे उंबरे मी झिजवले होते, त्यामुळे ती पडल्याचा राग तिच्यापेक्षा मलाच जास्त. आता वसंत जवळ आला होता. एप्रिलअखेर, संत जॉर्जच्या दिवशी कळप माळावर हाकतात. त्या दिवशी जो घोड्यावर नसतो, तो वर्षभर तबेल्यात लीद काढतो.

हाड जुळलं. पण घोडीजवळ गेली की विल्मा खोगीर ठेवायची आणि परत उतरवायची.

"युदित, मला वर बसवतच नाही गं."

"घाबरतेस कशाला? मी त्या कचेरीतल्या बोक्यांना घाबरले का?" मी खेकसले. आणि शहाणपणा करून बाजारातून एक तंग घेऊन आले. बिनतंगाचं खोगीर ही पुरुषांची मिजास, सुरक्षितता हा कामकऱ्याचा हक्क, असं भाषणही ठोकलं. कुणाला दिसू नये म्हणून नमद्याच्या घडीखालून तो बांधला.

झालं भलतंच. पट्टा आहे म्हटल्यावर विल्मा गुडघे आवळून, श्वास कोंडून बसायला लागली. आणि शारिका, जन्मात पोटाला पट्टा न लागलेली घोडी, पाठीची कमान करून जागच्या जागी नाचायला लागली.

बालिंटकाका कुंपणावर कोपरं टेकून बघत होते. विल्माच्या बापाबरोबर चाळीस वर्षं कळप राखलेला म्हातारा.

"युदित, घोडीला पण संघटनेत घेतलीस का?"

"काका, टोमणे नकोत. ही परत पडली तर?"

"पडेल. विल्मे, उतर खाली."

त्यांनी तंग सोडून माझ्या हातात दिला. "हा तुझ्या मोर्च्याला ने." मग विल्माकडे वळून अगदी हळू विचारलं, "भीती कुठं आहे, पोरी?"

"कुठं म्हणजे? सगळीकडे."

"सगळीकडे नसते. हात ठेवून दाखव."

विल्मानं बरगड्यांखाली हात ठेवला. "इथं."

"मग हे शारिकेला सांग. तिला ठाऊकच आहे. तू लपवतेस म्हणून ती बिथरते."

विल्मानं घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं. "शारिके, मला फार भीती वाटते गं." घोडीचा एक कान वळला. मी दुसरीकडे बघितलं. माझे डोळे भरलेले कुणी पाहावेत, हे मला खपत नाही.

त्यानंतर रोज सकाळी काका एवढंच विचारायचे, "आज किती?" विल्मा ठरवायची: विहिरीपर्यंत, बाभळीपर्यंत. तिथे पोचली की उतरायचं, पुढे जावंसं वाटलं तरी. नजर घोडीच्या कानांवर नाही, जिथे जायचं तिथे. आणि गाणं म्हणत जायचं, कारण गाताना श्वास कोंडता येत नाही. विल्माचा आवाज भयानक. कावळे उडायचे. एखाद्या दिवशी ती नुसता खरारा करून घरी जायची.

"काका, दिवस किती उरलेत?" मी तडकायचे.

"तू कढई ढवळ."

मग मी राख्यांच्या जेवणाचे बटाटे आणि शेवया ढवळायचे. गप्प बसणं मला तुरुंगापेक्षा जड गेलं.

संत जॉर्जच्या सकाळी चाबूक कडाडले. मुख्य राखा मिहाय ओरडला, "विल्मा, गाडीतून येतेस का?"

"गाडी तुलाच लागेल, तुझं पोट खोगिराला पेलत नाही!" आणि ती अलगद उडी मारून बसली.

जिथे पडली होती त्याच चरापाशी मात्र ती थांबली. कळप धडाधड पलीकडे गेला, विल्मा अलीकडेच. मी आणि काका गाडीतून बघत होतो. ती उतरली. संपलं, मला वाटलं.

तिनं बरगड्यांखाली हात ठेवला, घोडीशी काहीतरी बोलली, लगाम धरून बुटांसकट पाण्यात शिरली. शारिका मागोमाग. पलीकडच्या काठावर तिनं खोगीर नीट केलं आणि पुन्हा उडी मारून बसली.

"चर पायी ओलांडला! हे चालतं का?" मिहाय म्हणाला.

"कळप घोड्यावरून न्यायचा असतो," काका म्हणाले. "चर घोड्यावरूनच ओलांडायचा असं कुणी सांगितलंय?"

मिहायनं नाक फेंदारलं, घोडा वळवला. "विल्मा! डावी बाजू तुझी! आणि ते गाणं बंद कर!"

तिनं गाणं बंद केलं नाही.

अजूनही कधी कधी ती त्या चरापाशी उतरते. तुम्ही आमच्याकडे आलात आणि ती तिथे घोडीशेजारी उभी दिसली, तर मदतीला धावू नका, धीर देऊ नका, टाळ्या तर मुळीच वाजवू नका. जरा लांब उभे राहा आणि तिला वेळ द्या.