चार बोटं कमी

ती शिवणकाम करायची. गल्लीत तिला शिवणवाली म्हणायचे, घरात थोरली. हात असा साफ, की एकदा हिच्याकडून कपडा शिवून घेतला की बाई दुसऱ्या शिंप्याचं दार बघायची नाही.

पण लग्नाला सोळा वर्षं झाली तरी तिला स्वतःची अशी खोली नव्हती बघ. नवरा छापखान्यात कामाला, घर दोन खोल्यांचं, त्यात सासू, दीर, पोटची मुलगी. सगळ्यांची निजानीज झाली की हिनं स्वयंपाकघरात गादी पसरायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी गुंडाळायची. मशीन व्हरांड्यात. कपडे पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ती ट्रंक सासूच्या पलंगाखाली. साधा रुमाल काढायचा झाला तरी म्हणायचं, "आई, पाय वर घ्या." सोळा वर्षं तेच. आई, पाय वर घ्या.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. कचेरीत नोकरी करणारी, चुणचुणीत, बोलायला गोड. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच थोरलीला जड जायचं. धाकटी आली आणि वर्षभरात दोघा भावांनी घरावर मजला चढवला. वर शेजारी शेजारी दोन खोल्या, एक थोरल्याची, एक धाकट्याची. म्हणजे हिला जे मिळायला सोळा वर्षं लागली, ते तिला एका वर्षात. थोरली कुणाला काही बोलली नाही, पण आत कुठंतरी भाजलंच.

एका रविवारी धाकटी चौकटीचा कागद घेऊन बसली. त्यावर तिनं खोली काढली होती. इथं दार, इथं खिडकी. पुठ्ठ्याचे इवलेसे तुकडे कापले होते, हा पलंग, हे कपाट, हे टेबल, आणि ते तुकडे कागदावर इकडून तिकडे सरकवत होती.

"वहिनी, बघा ना. पलंग खिडकीखाली घेतला तर दार पूर्ण उघडतं. पण उशाला वारा लागेल का हो?"

"मला काय विचारतेस? मला कुठं सवय आहे पलंगाची?" थोरली म्हणाली. बोलताना हसली, पण नजर कागदावरच. कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होतं. सरकती दारं, म्हणजे उघडताना पलंगाला अडत नाहीत. पलंगाला खाली खण. वर माळा, त्यात जाड पांघरुणं. पोरीनं झाडूचीसुद्धा जागा ठरवली होती. थोरलीला वाटलं, आपण सोळा वर्षं लोकांची मापं घेतली आणि आपल्या खोलीचं चित्र काही मनात आलं नाही.

मग सुतार आला. लोखंडी टेप घेऊन त्यानं धाकटीची कपाटाची भिंत मोजली आणि आरोळी दिली, "एकशे वीस इंच!" धाकटीनं लिहून घेतलं. थोरली जिन्यात उभी होती, तिनं ऐकलं.

दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती आपल्या खोलीत गेली. गळ्यातली टेप काढली. वीस वर्षांची ती कापडी टेप, आकडे पुसट झालेले, पण हिला आकडे कशाला लागतात, बोटांनाच कळायचं. एक टोक भिंतीला लावलं, साठ इंचांवर खडूची खूण, तिथून पुढं पुन्हा. सत्तावन्नला भिंत लागली. पुन्हा मोजलं. सत्तावन्नच. साठ आणि सत्तावन्न, एकशे सतरा.

तीन इंच कमी. चांगली चार बोटं.

अगं, त्या चार बोटांनी तिचा जीव खाल्ला. हीच टेप घेऊन शेजारच्या खोलीत जायला किती पावलं होती? दहा. पण गेली नाही. जिला आपल्यावर अन्याय झालाय असं मनापासून वाटतं ना, तिला दुसऱ्याची भिंत मोजायची गरज वाटत नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो हात धूत होता, शाई काही निघत नव्हती.

"चार बोटं?" तो म्हणाला. "अगं, तेवढी तर भिंतीला रंग देताना जातात."

"तुम्हाला चार बोटं. मला सोळा वर्षं."

"आता यात सोळा वर्षं कुठून आली?"

तिनं पाठ फिरवली. यांना सांगून उपयोग नाही, हे तिला मशीनच्या आवाजाइतकं ठाऊक होतं. गवंडी काम करत होता तेव्हा दोरी धरून सासूच उभी असायची. मग भिंत कुणी सरकवली असेल, सांगा. लाडकी सून कोण, नोकरीवाली कोण?

आता हट्टाला पेटली. सुताराला बोलावून म्हणाली, "मलाही तसंच करा. तसाच पलंग, तसेच खण, तसंच कपाट, तसाच आरसा."

सुतार जुना माणूस. म्हणाला, "ताई, तुमचं मशीन कुठं बसवायचं? खिडकीशी उजेड चांगला आहे."

"मशीन व्हरांड्यात बरं आहे. तिच्याकडं खिडकीशी आरसा आहे ना? मग मलाही आरसा."

"खोली तुमची आहे का त्यांची?"

"तुम्ही करता का दुसरा सुतार बघू?"

तो हसला आणि मोजायला टेप काढली. तिनं त्याचा हातच धरला. "मापाचं मला सांगू नका, दादा. माझी हयात मापात गेली. एकशे सतरा लिहा."

"ताई, मी माझ्या हातानं मोजल्याशिवाय लाकूड कापत नाही."

"लिहा म्हणते ना!"

लिहिलं बिचाऱ्यानं. गिऱ्हाईक, त्यात मानी बाई. काय करणार?

धाकटीची खोली आधी तयार झाली. शेजारच्या काकू बघायला आल्या, सरकती दारं दहा वेळा सरकवून बघितली. "काय गं बाई, किती ऐसपैस वाटतं!" झालं. थोरली दारात होती, तोंडातून निघून गेलं, "खोली मोठी असली की सगळंच शोभतं, काकू."

सासू म्हणाली, "मोठी? दोन्ही सारख्याच आहेत."

"तुमच्या दोरीनं असतील. माझ्या मापानं नाहीत."

धाकटी खण उघडून तशीच थांबली. काकूंना एकदम घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. सासू हळू आवाजात म्हणाली, "दोघींत डावंउजवं केलं असं म्हणतेस ना मला? ठीक. तुझ्या ज्या खोलीत मी चोरी केली, तिथं मी पाऊल टाकणार नाही." आणि गुडघे धरत जिना उतरून गेली.

त्या दिवसापासून सासूचं आणि हिचं बोलणं कामापुरतं. मीठ दे. दार लाव. थोरलीला वाटायचं, चोराच्या उलट्या बोंबा. पण रात्री झोप मात्र लागायची नाही. खोली मिळाली, आणि तिच्यात सासू यायची नाही, म्हणजे गल्लीला काय सांगायचं?

पलंग आला, खिडकीशी आरसा लागला, आणि पंधरा दिवसांनी कपाट आलं, तीन तुकड्यांत. जिन्यावरून चढवलं, जोडलं, भिंतीला लावलं. एका बाजूनं घट्ट बसलं. दुसऱ्या बाजूला फट. हात घालावा एवढी.

"हे काय?" थोरली म्हणाली. "आखूड केलंत!"

सुतारानं लोखंडी टेप लावली. कपाट एकशे सतरा. मग भिंत मोजली.

"एकशे वीस," तो म्हणाला.

"शक्य नाही. तुमची टेप बघा आधी."

"माझी बघतो. तुमची पण द्या."

तिनं गळ्यातली टेप फेकलीच जवळजवळ. सुतारानं दोन्ही टेपा नव्या पलंगावर शेजारी शेजारी ताणल्या. हिचे साठ जिथं संपत होते, तिथं लोखंडी टेपेवर साडेएकसष्ट होते. वीस वर्षं मानेच्या घामात भिजून, ओढून ओढून टेप लांबली होती, म्हणूनच भिंत आखूड भरली.

"पण माझा एक कपडा कधी बिघडला नाही!"

"कसा बिघडेल, ताई? अंगही याच टेपेनं मोजता, कापडही याच टेपेनं."

धाकटी दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसली असती तर बरं झालं असतं, थोरलीला भांडता तरी आलं असतं. ती हसली नाही. तेही थोरलीला लागलंच.

सुतार हत्यारं भरता भरता म्हणाला, "पट्टी ठोकून फट बुजवून देऊ?"

"राहू द्या." एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

सासू पलंगावर बसून शेंगा सोलत होती. थोरली समोर उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाली, "आई, वर चला. कपाट आलंय."

"आलं तर आलं."

"आखूड झालंय."

सासूचा हात थांबला. "किती?"

"चार बोटं."

सासूनं सुनेकडं बघितलं. मग शेंगांची परात बाजूला सारली आणि म्हणाली, "धर हात. हा जिना माझा जीव घेणार एक दिवस."

दोघी चढल्या. सासूनं उंबऱ्यावर क्षणभर पाय थांबवला, मग आत टाकला. फटीत हात घालून बघितला. "आमचं नशीब की चार फूट नाही झालं," म्हणाली, आणि नव्या पलंगावर जाऊन बसली, मांडी घालून, घरच्यासारखी.

धाकटी अजून दारातच. म्हणाली, "वहिनी, एक विचारू? माझं कपाट भिंतीला भिंत बसलंय. इस्त्रीचा फळा ठेवायला खोलीत जागाच नाही, तो विचार राहूनच गेला बघा माझा. तुमच्या या फटीत ठेवू का?"

थोरलीनं लगेच हो म्हटलं नाही. आधी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. खरंच हवी होती तिला ती जागा, फटीकडं टक लावून बघत होती.

"ठेव," थोरली म्हणाली. "पण घ्यायला येशील तेव्हा आधी विचारत जा. आणि सुतारदादा, तो आरसा तिथून काढा. खिडकीशी माझं मशीन येईल."