पौर्णिमेपर्यंतचं मलम

गाडी खाली हॉर्न वाजवत होती आणि आई म्हणत होती, "शर्ट काढ." कात्रपच्या फ्लॅटमधून मी मस्कतला निघालो तो असा: बॅग दारात, बाबांची नजर घड्याळावर, आणि मी उघडा, आईकडे पाठ करून उभा. सोरायसिसचे चट्टे कोपरांवरही होते, पण पाठीवर माझा हात पोचत नाही. तिथे आईच मलम लावायची.

उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "स्टिरॉइडचं मलम आहे, कडक. पंधरा दिवस पातळ लावा, मग पंधरा दिवस सुट्टी. मनाने वाढवलंत तर कातडी पातळ होईल." आईने लगेच त्याचा पंधरवडा करून टाकला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत मलम, पुढे अमावास्येपर्यंत साधं क्रीम. "आई, हे औषध आहे की व्रत?" असं मी चिडवायचो. निघतानाही तिचं तेच, "चंद्र घटायला लागला की बंद हं!"

मस्कतला खोलीत मी आणि हैदराबादचा युसुफ. दोघंही एसी दुरुस्तीला. हा रोग कुणाला लागत नाही, पण हे ऐकून घेणार कोण? युसुफने खोली बदलून मागितली तर, या धास्तीने मी आंघोळीहूनसुद्धा बनियन घालूनच बाहेर यायचो. आईला फोनवर सांगायचो, "पाठ एकदम मस्त." पाठीची नुसती आग होत होती.

एका शुक्रवारी गादी झटकताना युसुफला खपल्या दिसल्या. "ये क्या है रे?" मी सगळं सांगून टाकलं. त्याने गादी खाली ठेवली. मग म्हणाला, "ट्यूब किधर है? घूम जा."

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. माझी पाठ बघून आधी ती रडली, मग मला झाडलं आणि मग युसुफचा ताबा घेतला. "बेटा, जादा मत लगाव, पातळ लगाव. अभी खांदे के नीचे. अरे, वो जागा राहिली ना!" तो आपला "जी अम्मी, जी अम्मी" करत होता. कितीतरी दिवसांनी पाठीला माणसाचा हात लागला होता.

आता हिशेब युसुफच ठेवतो. त्याचे महिनेही चंद्रावरच चालतात. परवा खिडकीतून बघून म्हणाला, "चांद पूरा हो गया. आज से सिर्फ क्रीम. अम्मी को बोल दे."

घर कुठे विचारलं की मी अजून कात्रपच सांगतो. पण आई, काळजी करू नकोस. इथेही आता मी उघडा वावरतो.