वाऱ्याच्या नावावर

गोकुळदासचा उजवा हात थरथरतो हे आज तुयेच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या मेपर्यंत ते फक्त त्यालाच माहीत होतं, आणि कुणाला कळू नये एवढीच त्याची धडपड होती. लेथवरच्या माणसाचा हात म्हणजेच त्याची नोकरी. मी शंभू, बावीस वर्षं त्याच्या शेजारच्या लेथवर उभा राहिलो. मलाही पत्ता नव्हता. मी तेव्हा त्याला कुठली पटर घ्यावी यावर अक्कल शिकवत होतो.

पटर ही डिस्क गोल्फमधली शेवटची चकती. चकत्या फेकत फेकत लांब उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीपर्यंत पोचायचं, आणि जवळ आल्यावर जी चकती टोपलीत टाकायची ती पटर. हरमलला राहायला आलेल्या एका परदेशी माणसाने हे खूळ आमच्या पार्सेच्या सड्यावर, काजूच्या बागांच्या वरच्या उघड्या कातळावर आणलं. तो दोन हंगाम खेळला आणि गेला, खूळ मात्र राहिलं. टोपल्या त्याच्या दोनच होत्या. बाकीच्या सात गोकुळदासने सायकलच्या रिंगा आणि साखळ्या जोडून केल्या आणि त्यातली एकही अजून कललेली नाही. हाताने असा पक्का, आणि बोलायला महाकंजूस. त्याची बायको शेवंतीवहिनी म्हणते, "ह्येंच्या तोंडातसून शब्द काढूक सांडस व्हया."

मे महिन्यात दुपारी तीननंतर सड्यावर समुद्राकडून जो वारा सुटतो, त्यात टोपी टिकत नाही. गोकुळदासची पटर आठ वर्षांची, मऊ, कडा झिजलेली, वजनाला हलकी. समोरून वारा आला की ती नाक वर करायची आणि भलतीकडे जायची. आम्ही सगळे ओरडायचो, "वारो, वारो!" आणि तो मान हलवून चकती उचलायला जायचा. वर्षभर त्याचे नेम असेच चुकत होते. आणि गंमत म्हणजे वारा असेल त्याच दिवशी तो हटकून खेळायला यायचा. मी म्हणायचो, या माणसाला वाऱ्याचं व्यसन लागलंय.

पंधरा दिवसांवर कारापूरच्या संघाशी सामना होता. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पंडित झालो होतो. वाऱ्यात जड पटर हवी, कडक हवी, चपटी हवी, एकशे पंचाहत्तर ग्रॅमची. ती वाऱ्याचं ऐकत नाही. शेवटी थोडी डावीकडे पडते, पण दर वेळी तेवढीच पडते, म्हणून आधीच थोडं उजवीकडे धरून मारता येतं. अशी एक लाल पटर मीच त्याच्यासाठी मागवली. त्याने हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"माका नाका रे. जुनीच बरी."

"वाऱ्यात उडता ती!"

"उडांदी."

मला राग आला. एवढं आपण कुणासाठी करावं आणि त्याने असं तुसडेपणाने झटकावं! आठ दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. शेवटी म्हटलं, आपण प्रसाद लावूया, देव काय म्हणेल ते दोघांनी ऐकायचं.

आमच्याकडे सोयरीक, घर, ऑपरेशन, काहीही अडलं की देवळात प्रसाद लावतात. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. चकतीसाठी कौल मागणारा बहुतेक मीच पहिला. साईश गुरव हसला, पण आधी उठून त्याने पंखा बंद केला. वाऱ्याच्या प्रश्नात वाऱ्याची लुडबुड नको, म्हणाला. मग गोकुळदासला विचारलं, "सांग, देवाक कितां विचारू?"

गोकुळदासने देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागे फुलं घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांकडे. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. देवळात जो असेल तो ऐकतो.

"शंभू सांगता तांच विचार," तो म्हणाला.

"बा देवा म्हाराजा," साईशने सूर लावला, "हो तुजो लेकरू गोकुळदास तुज्या पायाकडे इलो आसा. दोन चकत्यांचो तेच्या मनात घोळ आसा. जड ती घेवची आसली तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. गोकुळदासचे ओठ हलले नाहीत.

पाच मिनिटांत उजवी पाकळी पडली. मी आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. सदरा घामाने चिंब झाला होता. पंखा बंद होता, त्यामुळे असेल असं मला वाटलं.

घेतलेला कौल मोडत नाहीत. रविवारी तो लाल पटर घेऊन सड्यावर आला.

आठ टोपल्या होईपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. नवव्या टोपलीपाशी कारापूरच्या परेशने पंचवीस फुटांवरून, भर वाऱ्यात, तशीच जड पटर सरळ साखळ्यांत घातली. गोकुळदास टोपलीपासून जेमतेम पंधरा फुटांवर होता. त्याने हात मागे नेला आणि सोडला. चकती हातातूनच डगमगत निघाली आणि टोपलीच्या चार फूट अलीकडे कातळावर आपटली. एकदोघे सवयीने "वारो" म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. परेश तर चकतीकडे बघतच नव्हता. तो गोकुळदासच्या बोटांकडे बघत होता.

आम्ही हरलो. स्कूटरपाशी आल्यावर गोकुळदासने हात माझ्यासमोर धरला. बोटं थांबत नव्हती.

"जुनी हालली तर लोक म्हणत, वारो. ही वाऱ्यान हालना मरे. मगे हालता कोण, तां सगळ्यांक दिसलां."

वर्षभर त्याने एकेक चुकलेला नेम वाऱ्याच्या नावावर घातला होता, आणि मी मोठ्या हौसेने त्याचा तेवढाच आडोसा काढून घेतला होता.

"कदीपासून?" मी विचारलं.

"गेल्या गणेशचवथीच्या आदीपासून. देवाक हाताचांच विचारूचां आसलां. पण तू बाजूक उबो." मग हात खिशात घालून म्हणाला, "कोणाक सांगू नको."

"ना सांगूचंय," मी म्हणालो, आणि तेव्हा ते खरंच होतं.

सोमवारी लेथवर मी माझं काम सोडून त्याच्याकडे बघत राहिलो. वर्षभर त्याचा माल नाकारला जात होता आणि तो टूलला, पट्ट्याला दोष देत होता. आम्ही मानत होतो, कारण गोकुळदासचा हात चुकत नाही हे आम्हाला पाठ होतं. आता मी बघितलं, कोपर मशीनला टेकवून, श्वास रोखून तो हात स्थिर करत होता. फिरत्या जॉबवर पॉलिश पेपर धरताना बोटं दोनदा घसरली, दुसऱ्यांदा तर जॉब पकडून गरगरणाऱ्या चकच्या जबड्यांपासून वीतभर अंतरावर. जेवणाच्या सुट्टीआधी मी जाऊन सुपरवायझर तुषारला सगळं सांगितलं.

त्याला लेथवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. डॉक्टरच्या गोळ्या चालू झाल्या, हात थोडा निवळलाय म्हणतात. मी बरोबर केलं असं सगळे म्हणतात, शेवंतीवहिनीसुद्धा. मला ते पटतं, आणि झोप लागत नाही हेही खरं. त्याने मला चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

ड्रिल मागायला मी रोज त्या खिडकीपाशी जातो. बावीस वर्षं मला अरे-तुरे करणारा गोकुळदास वहीतून मान वर काढतो आणि अगदी शांतपणे विचारतो, "तुमका कितां व्हया?"