बोट टेकवलं की सरकतं

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. वीस वर्षं ते लोकांची स्वयंपाकघरं बनवतायत, आणि वीस वर्षं प्रत्येक गोष्ट बोट टेकवूनच समजावतायत. अशा माणसासाठी टचस्क्रीन मॉनिटर मागवून मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मागच्या वर्षी क्लास लावून मी लॅपटॉपवर नकाशे काढायला शिकले. गिऱ्हाइकाला चित्र मोठं दिसावं म्हणून पिशवीत मावणारा हा पातळ मॉनिटर घेतला. नाही पटला तर सात दिवसांत परत. तो परत गेला की हे पुन्हा कागद घेऊन एकटे जाणार आणि मी घरी फोन उचलत बसणार. माझा जीव टांगणीला लागला होता.

सहा दिवस ह्यांनी माझं डोकं उठवलं. वायर आखूड आहे. स्टँड घसरतो. काचेत ट्यूबलाइटच दिसते. ह्यांच्या बोटांचा सरस काचेला चिकटला, तोही दोष मॉनिटरचा. आणि "फ्रिज इथं" म्हणत बोट टेकवलं की चित्रातला फ्रिज सरकून दारात.

"लांबून दाखवा," मी शंभरदा सांगितलं.

"लांबून कळतं का काही?"

सातव्या दिवशी एका जोडप्याकडे गेलो. कागदावरचा नकाशा त्यांनी आधीच पसंत केला होता. एकदा शेवटचं दाखवलं की प्लाय कापायला घ्यायचा. नवराच बोलत होता, बायको दाराशी उभी होती. ह्यांनी "शेगडी इथं" म्हणून बोट दाबलं, आणि शेगडी सरकून खिडकीशेजारी गेली.

"घ्या," हे मला म्हणाले. "आजच परत पाठव हे खूळ."

संतापाने मला रडूच यायचं बाकी होतं. शेगडी जागेवर न्यायला मी हात पुढे केला, तशी ती बाई म्हणाली, "राहू द्या ना तिथंच."

"अगं, तू हो म्हणाली होतीस," नवरा म्हणाला.

"त्या रेघांतलं मला काही कळलं नव्हतं. तुम्ही दोघं मान डोलावत होतात, म्हणून मीही डोलावली."

घरी येईपर्यंत हे चिमणीच्या पाइपवरून, कपाटांच्या मापांवरून, माझ्यावरून कुरकुरत होते. मी वैतागून मॉनिटरचं खोकं काढलं.

"राहू दे," हे म्हणाले. मग खोकं बाजूला सारत म्हणाले, "इतक्या वर्षांत किती जणींनी नुसती मान डोलावली असेल गं?"

"एक तर मीच. आपल्या ओट्यापाशी उभं राहून बघा कधी."

ते उठले आणि जाऊन उभे राहिले. तिथून फक्त भिंत दिसते.