दत्तूचे दहा दिवस

कल्याणहून आलेला माणूस पायरीखाली उभा राहूनच बोलू लागला, तेव्हाच मी काय ते ओळखले. आत या म्हटले तर त्याने मान हलवली, पाणीही नको म्हणाला. "दत्तोपंत गेले, आज पहाटे," एवढे सांगून तो स्टेशनाच्या वाटेला लागलासुद्धा. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे तरी खरे आहे ना... सख्ख्या चुलतभावाच्या मरणावरही संशय घेणारा माणूस हे लिहितो आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दत्तू माझ्याहून सहाच महिन्यांनी मोठा. ठाण्यास इस्पितळाला जोडून हॉस्पिटल असिस्टंटांचा वर्ग चाले, त्यात आम्ही दोघे एकदमच दाखल झालो आणि नौपाड्यात एक खोली घेऊन राहू लागलो. शिकवणारे डॉक्टर पारशी होते. रोज सकाळी ते स्वतः हजेरी घेत. वर्षात पंधरा दिवसांहून अधिक गैरहजर राहील त्याला परीक्षेला बसता येत नसे, आणि खोटे कारण सांगून राहील त्याचे नाव त्याच दिवशी कमी होई. दत्तूचा हात फार हलका होता. जखम बांधायची वेळ आली की रोगी त्यालाच बोलवा म्हणत. मी मनात म्हणे, याने रोग्यांनाही फितवले आहे. त्याचा पहिला नंबर, माझा दुसरा, आणि हे मला अजिबात सोसत नसे.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला हिवतापाने गाठले आणि माझे तेरा दिवस बुडाले. मी उठून कामाला लागतो न लागतो तोच एके दिवशी खोलीवर आलो, तर दत्तू घोंगडी घेऊन निघून गेलेला. कल्याणला मावशीकडे जातो, असा शेजाऱ्यांपाशी निरोप. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, तुझ्या भावाची चिठ्ठी आली आहे, त्याला दहा दिवस सुतक आहे.

मी चमकलो. आमचे मूळ एक, भाऊबंद एक. भाऊबंदांत कोणी गेले तर सुतक दोघांनाही यायला हवे. मग माझे कुठे आहे? एक पत्र टाकून मला विचारता आले असते. पण मरणाची बातमी कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही, आणि एकदा आली की टळत नाही. माझ्यापाशी दोनच दिवस उरले होते. तेव्हा मी विचारले नाही. विचारण्याऐवजी चार दिवसांनी डॉक्टरांपाशी गेलो आणि आमच्या सुतकाचा कायदा त्यांना नीट समजावून सांगितला. मला सुतक नाही, म्हणजे त्यालाही नाही. हे मी न्यायासाठी केले असे पुढे पुष्कळ दिवस मानत होतो. न्यायबिय काही नाही, मला पहिला नंबर हवा होता.

अकराव्या दिवशी दत्तू आला. मिशी उतरवलेली होती. मी ती पाहिली, आणि हा मनुष्य सोंगासाठी मिशीसुद्धा देईल, असे स्वतःला सांगितले. डॉक्टरांनी हजेरीचे बुक पुढे ओढून सगळ्यांसमक्ष विचारले, सुतक होते की नव्हते? दत्तू डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला...

"नव्हतं, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या नावावर रेघ ओढली गेली. बाहेर आल्यावर मी त्याला गाठून म्हटले, "अरे, खोटं कशाला बोललास?"

"तुझे तेरा झालेत," तो म्हणाला. "जपून राहा आता."

मला वाटले, धमकी देतो आहे.

मी परीक्षा उतरलो. दत्तू देवी टोचण्याच्या कामावर लागला आणि मानपाड्यापासून थेट मलंगगडाच्या पायथ्यापर्यंतची गावे पायी फिरू लागला. तो दिसला की बाया पोरे लपवत. मग हा बांधावर बसून आधी स्वतःच्या दंडावर टोचून दाखवी. त्याच्या दंडावर जागा उरली नव्हती. पुढल्या वर्षी दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळले की राजापूरकडचे आमचे आबाकाका गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वारले. ठाण्याला पत्र टाकले होते, पोचले नाही का? नाही म्हणालो. कोणत्या महिन्यात वारले ते विचारले नाही. उलट नवाच संशय धरला, की पत्र दाबून, माझे सुतक चुकवून दत्तूने मला मुद्दाम बाटवले. त्यानंतर लग्नामुंजीत भेट झाली तर आम्ही पीकपाण्याविषयी बोलत असू.

दत्तूचे सुतक मी दहा दिवस पुरते धरले. आता माझी हजेरी घेणारे कोणी नाही. चौदाव्या दिवशी कल्याणला गेलो. वहिनी दाराआड बसल्या होत्या. त्यांनी त्याची टोचणीच्या हत्यारांची डबी पुढे सरकवली. तळाशी घडी घातलेले पत्र होते, आबाकाका गेल्याचे. वर दोघांची नावे, माझे आधी. मरणाचे पत्र वाचून झाले की लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. हे अखंड होते.

"दोघांनी वाचल्यावर फाडायचं, असं म्हणायचे," वहिनी आतून म्हणाल्या. "तुम्ही यायचे राहिलात, भावोजी."

दत्तू कल्याणला गेला त्याच्या आदल्या दिवशीचा ठाण्याचा शिक्का होता. दहा दिवस उलटल्यावर बातमी कळली तर तीन दिवस सुतक धरावे लागते. माझे तेरा आणि हे तीन, म्हणजे सोळा. 'होतं' म्हणाला असता तर त्याचे नाव राहिले असते, पण मरण माझ्या कानावर येऊन माझी परीक्षा गेली असती. हा हिशेब त्याने माझ्याकडे बघता बघता केला होता. मला तो करायला इतकी वर्षे लागली.

वर्ष उलटून गेल्यावर कळले तर नुसते स्नान पुरते; तेही त्या दिवाळीत मी केले नव्हते. त्यांच्या विहिरीवर मी आबाकाकांचे स्नान केले. पत्र बरोबर आणले आहे. आता ते दोघांनीही वाचले, फाडायला हरकत नाही. रोज सकाळी हातात घेतो आणि पुन्हा डबीत ठेवतो.