आत्याने धरलेलं मनगट

काल लेकीच्या दुखऱ्या मनगटाला बाम चोळताना तो झणझणीत वास नाकात गेला आणि मुरबाडजवळचं गोल्फचं मैदान आठवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारावी झाल्यावर मी आत्याबरोबर तिथे गवत निंदायला जायचे.

त्या दिवशी स्वीडनची एक नावाजलेली खेळाडू नवं मैदान खेळून बघायला आली होती. तिने मारलेला चेंडू लांब गेला, टाळ्या पडल्या. ती मात्र आम्ही निंदत होतो तिथल्या झाडाआड आली, हातमोजा काढून मनगटाला बाम चोळू लागली. चेहरा पांढराफटक पडला होता.

आत्या गावातले लचकलेले हात बसवायची. तिने न विचारताच ते मनगट धरलं, अंगठ्याने दाबत गेली आणि एका जागी थांबली.

"इचा हात आतून गेलाय गो. सांग इला, आता खेलू नको. नायतर पेलासुदा उचलायचा नाय."

मुकादम आमच्याकडेच बघत होता. एवढ्या मोठ्या पाहुणीला असं कसं सांगायचं? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हणाले, "ती म्हणते, तुम्ही फार छान खेळता." तेव्हा वाटलं, मी मान राखला.

बाई हसली नाही. आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग हातमोजा चढवून उन्हात निघून गेली.

वर्षभराने पेपरात तिचा फोटो आला. मनगटाच्या दोन शस्त्रक्रियांनंतर तिला खेळ कायमचा सोडावा लागला होता. मी बातमी वाचून दाखवली. आत्याने फोटोतल्या मनगटावर अंगठा ठेवला.

"तू सांगितलं व्हतंस ना तिला?"

"हो," मी म्हणाले.