माळ्यावरचे बूट

आमच्या एकोडीत उंदराविरुद्ध काही बेत करायचा असेल तर तो मोठ्यानं बोलायचा नाही, असा नेम आहे. उंदीर ऐकतो आणि सावध होतो. पिंजऱ्याला "ते सामान" म्हणायचं आणि उंदराला "मामा". मी जवाहरनगरला कारखान्यात तीस वर्षं तपासणीचं काम केलं. मापात बसत नाही ते बाजूला काढायचं, एवढंच मला येतं. असल्या समजुती मापात बसत नाहीत. तरीही एका हिवाळ्यात मी माझ्याच घरात कुजबुजत फिरत होतो.

निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको क्वार्टर सोडून गावच्या घरी आलो. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, मागच्या खोलीवर जुने कवेलू, म्हणजे कौलं, तसेच ठेवले. कवेलूंखाली लाकडी माळा आहे. त्या माळ्यावर बायकोची ढोली, म्हणजे बांबूची विणून शेणामातीनं लिंपलेली कणगी, आणि त्या ढोलीत तिच्या आईचं धान.

तिचं माहेर आंबागडचं. आई गेली तोवर भावांनी बाजारातलं बियाणं लावायला सुरुवात केली होती आणि घरात आईचा जुना चिन्नोर, सुवासिक धानाची जात, शेवटचा दोन पायल्या उरला होता. दागिन्यांत हिनं काही मागितलं नाही, ते धान तेवढं पिशवीत भरून आणलं. चिन्नोर बाजारातही मिळतो, पण तो आईचा नव्हे. तेव्हापासून दरवर्षी एका लहानशा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, ती तो लावते आणि पुढच्या वर्षाचं बी माळ्यावर ठेवते. एक वर्ष चुकलं की संपलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

माळ्यावर माझीही एक वस्तू होती. कारखान्यातले शेवटचे बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले, एकेक वीटभर वजनाचे. "हे खेटर काहून ठेवले जी? कोनाच्या कामाचे?" असं बायको दर दिवाळीला विचारायची. मी म्हणायचो, राहू दे.

थंडीत माळ्यावर खुडबुड सुरू झाली. बायको चढून पाहून आली, तर ढोलीच्या बुडाशी लिंपण कुरतडून बोटभर भोक पाडलेलं. तिनं भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी नवं भोक. मी साकोलीच्या बाजारातून पिंजरा आणला. विषाला बायकोनं साफ नकार दिला, आईच्या धानाजवळ विष नको म्हणाली. पिंजऱ्याच्या आकड्याला कांद्याचं भजं लावलं, आणि सवयीप्रमाणे झडप बरोबर पडते की नाही हे अंगठा घालून तपासलं. झडप अगदी बरोबर पडली. नख काळं व्हायला दोन दिवस लागले, गळायला महिना.

उंदीर मात्र भजं खाऊन पसार व्हायचा. आमच्या शेजारचे बुवा जन्मभर धान केलेला माणूस. ते अंगठ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, तुमी बेत मोठ्यानं करून राहिले. तो आयकते."

मला एक युक्ती सुचली. कारखान्यात देशभरातली माणसं, त्यामुळे हिंदी माझ्या जिभेवर बसलेली. एकोडीचा उंदीर, त्याला हिंदी कुठून येणार? जेवताना मी बायकोला सांगितलं, "आज भजिया नहीं, सूखी मछली लगायेंगे."

बायकोनं भात कालवता कालवता वर माळ्याकडे पाहिलं. "तो तं रोज आपल्यासंगं हिंदी सिरियल आयकते," ती म्हणाली.

सुकी मासळीही गेली, पिंजरा रिकामाच. बुवांची मांजर दोन दिवस उसनी आणली. ती उबदार माळ्यावर तिच्यासाठी अंथरलेल्या माझ्या जुन्या स्वेटरवर झोपून गेली आणि दूध प्यायला तेवढी खाली यायची. इकडे ढोली अर्ध्यावर आली. एवढासा जीव एवढं धान खातो तरी कुठे, असा मला प्रश्न पडे, आणि मग रागच यायचा. मार्च संपता संपता माझा संयमही संपला. मी झाकणाला लोखंडी कडं असलेला निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, विहिरीवर धुतला, फडक्यानं पुसला आणि राहिलेलं सगळं धान त्यात भरायला घेतलं.

बायको म्हणाली, "धानाले हवा लागते जी. ढोली काय उगाच असते? कोंडू नका."

"मुंगीसुद्धा जाणार नाही," मी म्हणालो, आणि झाकणावरून वर चिकटपट्टीही फिरवली. ड्रम माळ्यावर चढवला. उंदराची खुडबुड थांबली. महिना-दीड महिना मी गावभर हुशारी सांगत हिंडलो. बुवांनी ऐकून घेतलं.

जूनमध्ये पऱ्हे टाकायची वेळ आली. रोवणीची रोपं ज्या वाफ्यात वाढवतात ते पऱ्हे. त्याआधी बायको मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का पाहते. तिनं ड्रम उघडला आणि आंबूस, गरम वास खोलीभर झाला. पुसताना राहिलेली ओल, वर तापलेले कवेलू, आणि माझी चिकटपट्टी. बुडाच्या धानाचे गोळे झाले होते. वरचं मूठभर तिनं तरीही फडक्यात बांधलं, पाच दिवस पाणी शिंपडलं. एकही मोड आला नाही.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडलीही नाही. "चुकून झालं," एवढंच म्हणाली आणि फडकं धुऊन वाळत टाकलं. पुढे दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आणि घरात शहाण्या बाईचं एक वाक्य ऐकलं नाही.

तिच्या मनासारखं काहीतरी करावं म्हणून तिसऱ्या दिवशी मी ते बूट फेकायला माळ्यावर चढलो. कोपऱ्यातून एक उचलला. नेहमीपेक्षा जड लागला. उजेडात आणून पाहिलं तर बूट घोट्यापर्यंत धानानं भरलेला. दुसराही तसाच. वर माझ्या स्वेटरची लोकर कुरतडून मऊ थर पसरलेला. उंदरानं हिवाळाभर खाल्लं कमी आणि साठवलं जास्त. कोरड्या चामड्यात, हवेशीर.

मी दोन्ही बूट पोटाशी धरून शिडी उतरलो. बायको तांदूळ निवडत होती. मी एक बूट तिच्या सुपात उपडा केला. तिनं दाणे हातात घेऊन पाहिले, एक दाताखाली फोडला, मग माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्यातलं मूठभर तिनं ओल्या फडक्यात बांधलं, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती ते फडकं घेऊन माझ्यापुढे आली. दाण्यादाण्याला पांढरा मोड होता.

"पाहा," ती म्हणाली, "मामाची तपासणी तुमच्यापेक्षा चांगली हाय." आणि मग पदरात तोंड लपवून रडली. मलाही आवरलं नाही.

त्या वर्षी पूर्ण बांधी झाली नाही, एका कोपऱ्यातच चिन्नोर उभा राहिला. पण तो आईचा होता. पिंजरा मी बुवांना देऊन टाकला. कापणी झाल्यावर बायकोनं ढोली नव्यानं लिंपली आणि बी भरलं. मग माझे बूट ओल्या फडक्यानं पुसले, उन्हात खडखडीत वाळवले, आणि नाड्या सैल करून, तोंडं उघडी ठेवून, स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवले.